पाक पाणी आणि निर्धोक पाणी



पाणी ही अल्लाहची अशी देणगी आहे की, तिच्यावाचून एक दिवसही निभत नाही. पण तिचे स्मरण बहुधा नळ कोरडा पडल्यावरच होते. प्रत्येक सजीवाची निर्मिती पाण्यापासून झाल्याचे पवित्र कुरआन सूरह अल-अंबियामध्ये सांगतो. सूरह अल-वाकिआमध्ये अल्लाह माणसाला त्याच्या पिण्याच्या पाण्याकडे पाहायला लावतो, ते ढगांतून कोणी उतरविले याचा विचार करायला सांगतो आणि कृतज्ञतेची अपेक्षा करतो. आकाशातून उतरणारे पाणी शुद्ध असते. ते पुढे आपल्या हातांनी बिघडते. शोषखड्ड्याला लागून खोदलेली बोअरवेल, गटारातून गेलेली फुटकी जलवाहिनी आणि वर्षानुवर्षे न धुतलेली टाकी ही आपलीच करणी आहे. म्हणूनच पाण्याची देखभाल हाही कृतज्ञतेचाच भाग आहे.

यावर एक प्रश्न नेहमी विचारला जातो. पाणी पाक आहे, त्याने वुजू होतो, नमाज होते, मग ते तपासायचे कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट समजून घेतले पाहिजे.

फिकहच्या ग्रंथांत पाण्याच्या तीन गुणांचा विचार येतो: रंग, वास आणि चव. वाहत्या किंवा विपुल पाण्यात नजासत पडूनही हे तीन गुण बदलले नाहीत, तर ते पाणी तहारतीसाठी चालते. ही शरीअतने दिलेली सवलत आहे, जेणेकरून इबादत कोणालाही अवघड होऊ नये. परंतु हा नियम पाण्याने पवित्र होता येते की नाही, एवढेच सांगतो. ते प्यायल्यावर अपाय होईल की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. समुद्राचे उदाहरण घ्या. समुद्राचे पाणी पाक असल्याचे आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट केले आहे. त्याने वुजू होतो, पण म्हणून कोणी ते पीत नाही.

पिण्याच्या पाण्याला शरीअतचा दुसरा नियम लागू होतो. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटण्यास सूरह अल-बकरामध्ये मनाई आहे. स्वतःला वा इतरांना हानी पोहोचविण्यास हदीसमध्ये मनाई आहे. विद्वानांनी शरीअतची जी पाच उद्दिष्टे सांगितली आहेत, त्यांत जीविताचे रक्षण हे एक आहे. आणि जीविताला अपाय करणारे पुष्कळ घटक असे आहेत की, त्यांना रंग नाही, वास नाही आणि चवही नाही. अतिसार, कावीळ आणि विषमज्वर यांचे जंतू काचेसारख्या नितळ पाण्यातही असू शकतात. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातील फ्लोराइडने दात आणि हाडे बाधित झाली. ते पाणी दिसायला स्वच्छच होते.

इथे एक हदीस विचारात घेण्याजोगी आहे. झोपेतून उठल्यावर हात धुतल्याशिवाय पाण्याच्या भांड्यात घालू नये, असा प्रेषितांचा (स.) आदेश आहे, आणि त्याचे कारण असे की, झोपेत आपला हात कुठे होता हे माणसाला ठाऊक नसते. हातावर मळ दिसत नाही, तरीही सावधगिरीचा आदेश आहे. जे डोळ्यांना दिसत नाही त्याबाबतही बेफिकीर राहू नये, ही शिकवण यातून मिळते. भांडी झाकून ठेवावीत आणि मशकीचे तोंड बांधावे, हे आदेशही त्याच शिकवणीचे आहेत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. घरी करण्याजोगी सर्वांत उपयुक्त तपासणी म्हणजे एचटूएस बाटली. ही पद्धत ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी 1982 साली प्रसिद्ध केली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरावे, झाकण लावून ती उबदार जागी ठेवावी आणि 24 ते 48 तास वाट पाहावी. पाणी काळे पडले, तर त्यात मैला मिसळल्याची दाट शक्यता समजावी व ते उकळल्याशिवाय पिऊ नये. एक नमुना नळाचा आणि दुसरा पिण्याच्या माठातला घ्यावा. नळाचे पाणी चांगले आणि माठातले काळे आले, तर दोष आपल्या घरातच आहे. तेव्हा माठ धुवा, झाकून ठेवा आणि पेला बुडविण्याऐवजी ओगराळे वापरा.

नळाच्या पाण्यासाठी ओ.टी. चाचणी आहे. द्रावणाचे काही थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले, तर त्यात क्लोरिन शिल्लक आहे. तपासलेले पाणी मात्र फेकून द्यावे. फ्लोराइड आणि नायट्रेट यांची खात्री प्रयोगशाळेतच होते. भारतीय मानकानुसार फ्लोराइड प्रति लिटर 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, अन्य स्रोत नसल्यास कमाल 1.5, आणि नायट्रेट 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात तान्ह्या बाळाचे दूध कालविणे धोक्याचे असते. उकळण्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाहीत. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण जंतूंचा भरवसा नसतो.

शुद्धीकरण यंत्र विकणारे काही जण ग्राहकाच्या पाण्यात विजेच्या सळ्या बुडवून ते तपकिरी करून दाखवितात. तो रंग बहुतांशी सळ्यांच्याच लोखंडाचा असतो. टीडीएस मीटर केवळ विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते; जंतूंविषयी ते काहीही सांगत नाही. फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. तेव्हा फसवू नका, आणि भीतीपोटी फसूही नका.

काही जण म्हणतात, आजार तर तकदीरीतच असतो. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर असताना तिथे प्लेग पसरल्याचे कळले आणि ते परत फिरले. हे अल्लाहच्या तकदीरीपासून पळणे नव्हे काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. पाणी तपासणे आणि उकळणे हीदेखील तकदीरच आहे. लेकरू जुलाबाने कोमेजून गेल्यावर तकदीरीचे नाव घेणे सोपे असते. त्याआधी त्याच्या पेल्यात काय आहे हे पाहणे, हे पालकांवर सोपविलेली अमानत सांभाळणे आहे.

ही जबाबदारी घराच्या उंबरठ्यापाशी संपत नाही. आईच्या नावे कोणते दान उत्तम, असे हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा त्यांना पाण्याचे दान सांगितले गेले. आपण मुहर्रममध्ये सबील लावतो, मस्जिदीपुढे कूलर बसवितो आणि त्यावर मरहूम आई-वडिलांचे नाव कोरतो. हेतू उत्तम आहे. पण त्या कूलरची टाकी शेवटची कधी धुतली? मदरशातील मुले जे पाणी पितात, ते कोणी तपासले? ज्या पाण्याने वाटसरू आजारी पडेल, ते सवाबासाठी कसे ठेवावे? मस्जिद कमिट्यांनी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर टाकी धुवावी, नमुने प्रयोगशाळेत द्यावेत व अहवाल सूचनाफलकावर लावावा. वस्तीची विहीर सामाईक असेल, तर दूषित पाण्याची खबर प्रत्येक शेजाऱ्याला द्यावी, मग तो कोणत्याही धर्माचा असो. शेजाऱ्याचा हा हक्क आहे.

येत्या जुम्यापूर्वी आपल्या घरातील पाण्याचा एक नमुना तपासून पाहा. अल्लाह आपल्या घरांतील पाणी आरोग्यदायी करो, आपल्या लेकरांना आजारांपासून सुरक्षित ठेवो आणि आपल्या हातून कोणाच्याही पेल्यात अपाय जाऊ न देवो. आमीन.