नातवंडाच्या उशाशी



पावसाळा आला की आपल्या घराघरांत लहान मुलांची दुखणी सुरू होतात. ताप, खोकला, जुलाब. एकाला बरे वाटते न वाटते तोच दुसरे अंथरूण धरते. आईवडिलांची रजा दोन दिवसांत संपते आणि त्यांना पुन्हा पहाटेची गाडी गाठावी लागते. मग आजारी लेकराच्या उशाशी कोण बसते? बहुतेक घरांत आजी बसते, कुठे कुठे आजोबा बसतात.

मागे एकदा मिस्सा आटोपल्यावर एक आजी दारापाशी थांबल्या. धाकट्या नातीचा ताप उतरला आणि थोरल्या नातवाला चढला होता. मुलगा परगावी, सून रात्रपाळीला. आजी आम्हांला म्हणाल्या, "फादर, लागोपाठ तीन रविवार मिस्सा चुकली. घरी जपमाळ हातात घ्यायची, पण दुसऱ्या रहस्यापर्यंत डोळा लागायचा. देव मला क्षमा करील ना?" बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

त्यांना आम्ही जे उत्तर दिले, ते आज सर्वांसाठी लिहीत आहोत. कारण अशी रुखरुख मनात घेऊन जगणारे आजी-आजोबा आपल्या धर्मग्रामात आणखीही आहेत.

रविवारची मिस्सा हे आपले कर्तव्य आहे. पाहुणे आले, लग्नाची खरेदी होती, क्रिकेटचा सामना होता, ही कारणे देवापुढे टिकणारी नाहीत. परंतु १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात, २१८१ व्या परिच्छेदात, हे कर्तव्य सांगतानाच गंभीर कारणाची सवलतही सांगितली आहे. तेथे उदाहरणे दोन आहेत: आजारपण आणि तान्ह्या बाळांची देखभाल. म्हणजे तापाने फणफणलेल्या लेकराला सोडून येता आले नाही, तर ते पाप नव्हे. ज्या देवाची आपण वेदीपुढे उपासना करतो, त्याचीच सेवा ती आजी रात्रभर ओल्या फडक्याच्या घड्या बदलत करीत होती.

जुन्या करारातील नामी आठवा. पती गेला, दोन्ही मुलगे गेले. बेथलेहेमला परतल्यावर ती बायकांना म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. कारण माझे जीवन कडू झाले आहे. पण रूथला बाळ झाले, तेव्हा नामीने त्याला उराशी घेतले आणि तीच त्याची दाई झाली. ते बाळ ओबेद, दावीद राजाचा आजोबा. आपल्या तारणाऱ्याच्या वंशावळीतील एक लेकरू असे एका म्हाताऱ्या, दुःखाने पोळलेल्या मांडीवर वाढले.

आता संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाकडे वळू. पेत्राची सासू तापाने पडली होती. प्रभूने तिला हात धरून उठवले आणि ती सर्वांची सेवा करू लागली. आपल्याला तिची सेवा तेवढी लक्षात राहते. त्याआधी काय घडले? घरच्यांनी लगेच येशूला तिच्याविषयी सांगितले. सेवा करणारी बाईही आजारी पडते, हे त्या घराला ठाऊक होते. आपल्या घरांना ते ठाऊक आहे का? नातवंडासाठी तीन रात्री जागणाऱ्या आजीची रक्तदाबाची गोळी चुकली, तिचे गुडघे सुजले, हे कोणाच्या ध्यानात येते? ती स्वतः सांगणार नाही. घरच्यांनीच विचारले पाहिजे.

मुलासुनांनो, मुलीजावयांनो, आईबाप म्हणजे बिनपगारी दाई नव्हेत. घरी आल्यावर आधी मुलाचा ताप किती हे विचाराल, ते योग्यच आहे. पण लगेच दुसरा प्रश्न विचारा: "आई, तू जेवलीस का?" चौथी आज्ञा अशा साध्या प्रश्नांतून पाळली जाते.

आजी-आजोबांनो, तुम्हांलाही एक विनंती. "आमच्या वेळी असे नव्हते" म्हणून डॉक्टरांचे औषध बाजूला ठेवू नका. बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय सांगतो की वैद्याला देवानेच निर्माण केले आणि औषधेही त्यानेच जमिनीतून उगवली. जुलाब झाले तर ओआरएसचे पाणी थोडे थोडे पाजत राहा. एक वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही चाटवू नका, ते घातक ठरू शकते. सून काही वेगळे सांगत असेल, तर तो तुमचा अपमान समजू नका. दोघींचा जीव एकाच लेकरात गुंतलेला आहे.

आणि आपण शेजारी? त्या आजींच्या घराच्या दोन्ही बाजूंना आपलीच कुटुंबे राहतात. रविवारी सकाळी एक तास कोणी मुलांपाशी बसले असते, तर त्यांना मिस्साला येता आले असते. तीन रविवार त्या दिसल्या नाहीत, हे आपल्यापैकी कोणालाच जाणवले नाही. ह्यात आम्ही धर्मगुरूही आलो, हे नम्रपणे कबूल करतो. यापुढे ज्यांना घर सोडणे अशक्य असेल, त्यांनी निरोप पाठवावा. पवित्र कम्युनियन घरी आणून देण्याची व्यवस्था आम्ही करू.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली आजी-आजोबा व ज्येष्ठांसाठी जागतिक दिवस सुरू केला. तो जुलैच्या चौथ्या रविवारी, येशूचे आजी-आजोबा संत योआकिम व संत अन्ना ह्यांच्या २६ जुलैच्या सणाजवळ येतो. त्या दिवशी फुले जरूर द्या. पण त्याआधी एक रात्र त्यांना निवांत झोपू द्या आणि लेकराच्या उशाशी तुम्ही बसा.

हे प्रभू येशू, कफर्णहूमच्या अंमलदाराच्या मुलाचा ताप तू दुरूनच घालवलास. आमच्या आजारी लेकरांना बरे कर, आणि त्यांच्यासाठी जागणाऱ्या थकल्या हातांना तुझ्या हाताचा आधार दे. आमेन.