पहिल्या दिवसाचे प्रारब्ध

एखाद्या कृतीचे भवितव्य तिच्या पहिल्या फळातच ठरून जाते काय, हा कर्मविचारातील जुना प्रश्न मोटारशर्यतीच्या व्हिडिओ गेमबाबत फार ठळकपणे उभा राहतो. कारण तेथे शेकडो जणांचे वर्षानुवर्षांचे काम एका ठरलेल्या तारखेला लोकांपुढे येते आणि त्याचा निवाडा बहुधा पहिल्या आठवड्यातच होतो. ब्रिटनमधील इव्होल्यूशन स्टुडिओजचा ‘ड्राइव्हक्लब’ ऑक्टोबर 2014 मध्ये प्लेस्टेशन 4 वर आला, तेव्हा खेळाडूंना परस्परांशी जोडणारे सर्व्हर कोलमडले, आणि क्लब करून एकत्र शर्यती खेळणे हेच ज्याचे वैशिष्ट्य तो गेम नेमका तेथेच अडला. पुढे सर्व्हर सुधारले, डिसेंबरात पाऊस आणि हिमवृष्टी आली, जाणकारांचे मतही बदलले. तरी मार्च 2016 मध्ये स्टुडिओ बंद झाला आणि 31 मार्च 2020 रोजी सर्व्हरही.

याउलट ‘ग्रॅन टुरिस्मो 7’ मार्च 2022 मध्ये आल्यावर दोनच आठवड्यांत तीस तासांहून अधिक काळ जवळजवळ ठप्प झाला, शर्यतींची बक्षिसे कमी केल्याने रोष उसळला, निर्माते काझुनोरी यामाउची यांना माफी मागावी लागली, आणि तरीही तो तगला, वाढला.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या (1915) कर्मविपाकावरील दहाव्या प्रकरणात संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण ही रूढ त्रयी तपासून वेदान्तसूत्रांतील दोनच भेद अधिक नेमके मानले आहेत: ज्याचे फळ भोगावयास प्रारंभ झाला ते आरब्धकार्य, आणि ज्याचे फळ अद्याप सुरू झाले नाही ते अनारब्धकार्य. सुटलेला बाण वेग संपेपर्यंत जाणारच, हा शांकरभाष्यातील दृष्टान्त पहिल्या प्रकारास लागू पडतो. प्रकाशनाच्या दिवशी झालेली नाचक्की या अर्थाने आरब्ध आहे. ती माफीने पुसली जात नाही. परंतु तिच्यामागे किती अनारब्ध साठा आहे यावर पुढचे अवलंबून असते, आणि दोन गेममधील खरा फरक येथे दिसतो. ‘ग्रॅन टुरिस्मो’च्या गाठीशी 1997 पासूनची पुण्याई होती, ‘ड्राइव्हक्लब’ हे नवे नाव होते. त्यामुळे प्रकाशनाची तारीख निवडताना मुहूर्तासारखा खल करणाऱ्या व्यवसायाने जो भाव दिवसाला दिला, तो मुळात या साठ्याला द्यावयास हवा होता.

अडचण पुढेच आहे. कर्मसिद्धान्त दोन गोष्टी टाळू पाहतो: केलेल्याचे फळ न मिळणे, म्हणजे कृतनाश, आणि न केलेल्याचे फळ वाट्याला येणे, म्हणजे अकृताभ्यागम. बंगळूरमध्ये राजेश राव यांनी 1997 मध्ये सुरू केलेल्या ध्रुव इंटरॅक्टिव्हने ‘फोर्झा’ या शर्यतीच्या गेममालिकेतील मोटारींवर काम केले. अशा कामात खऱ्या गाडीची छायाचित्रे समोर ठेवून डॅशबोर्डवरील काट्यांचा कोन, आसनाची शिवण आणि आरशाची कड एकेक करून उभी केली जाते. अशा कारागिराचा गेम परदेशातील सर्व्हरमुळे बदनाम झाला, तर कृतनाश आणि अकृताभ्यागम हे दोन्ही दोष एकाच माणसावर येऊन पडतात. एका जीवाचे कर्म त्याच जीवाला, हे गृहीत धरणारे शास्त्र शेकडो हातांच्या कृतीपुढे तोकडे पडते, हे मान्य केलेले बरे.

कृती आणि फळ यांत काळाचे अंतर पडले तर मधला दुवा कोणता, यासाठी मीमांसकांनी ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती मानली. बंगळूरच्या हेब्बाळमध्ये 2018 साली खोदकामात सापडलेला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिशिलालेख, हे या अंतराचे टोकाचे उदाहरण होय. गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातील, सुमारे इसवी सन 750 मधील या कन्नड लेखात कित्तय्या नावाच्या वीराचे मरण नोंदले आहे, आणि आज त्याची गणना शहरातील सर्वांत जुन्या कन्नड लेखांत होते. दगडाला बारा शतके थांबता आले. सर्व्हरवर अवलंबून असलेल्या गेमला ती सवलत नाही. तो बंद झाला की उशिरा येणाऱ्या रसिकासाठी खेळाचा मुख्य भाग उरतच नाही.

मात्र मीमांसक कुमारिल भट्टांच्या मते अपूर्वाचे अधिष्ठान यज्ञसामग्रीत नसून कर्त्याच्या आत्म्यात असते. इव्होल्यूशनचे बरेच कारागीर 2016 मध्येच कोडमास्टर्स या दुसऱ्या गेम कंपनीकडे गेले. तेथे 2018 मध्ये ‘ऑनरश’ आणि 2020 मध्ये ‘डर्ट 5’ हे शर्यतीचेच गेम त्यांच्या हातून झाले.