अधिकार कशाने लाभतो?

मनुष्यास त्याचे स्थान कशाने लाभते, हा प्रश्न आपल्या परंपरेस नवा नाही. जन्माने, अभ्यासाने, व्रताने की ईश्वरी प्रसादाने, अशी त्याची चार उत्तरे पूर्वापार दिली जात आली आहेत. आजची तरुण मंडळी हाच प्रश्न एका खेळाच्या पटावर सोडवीत बसतात, हे ऐकून वडीलधाऱ्यांस नवल वाटेल. परंतु त्या खेळाचे नियम पाहिले असता त्यांत विचार करण्याजोगे बरेच सापडते.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. चारसहा जणांनी मेजाभोवती बसावे, एकाने कथेचे सूत्र हाती घ्यावे, इतरांनी एकेक पात्र घेऊन त्याच्या तोंडून बोलावे आणि जेथे निकाल अनिश्चित तेथे फासे टाकावेत, असे त्याचे स्वरूप आहे. जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक पाहत वाढलेल्या कोकण-गोव्यातील वाचकांस हे फारसे परके वाटू नये. तेथेही नटाच्या हाती लिहिलेले संवाद नसतात. आख्यान तेवढे ठाऊक असते, बोलणे त्याने उभ्या जागी रचावयाचे असते. मुकुट डोक्यावर चढला म्हणून तो राजा ठरत नाही. ते राजेपण त्याला वाणीने आणि आवेशाने पहाटेपर्यंत टिकवावे लागते.

या खेळात प्रत्येक पात्रास एक ‘वर्ग’ असतो. आरंभी योद्धा, मांत्रिक व पुरोहित असे तीनच वर्ग होते. पुढे त्यांत भर पडत गेली. आता वर्ग कोणाला कोणता मिळावा? १९८१ च्या प्राथमिक आवृत्तीत मानवास वर्गाची निवड होती. पण ड्वार्फ, एल्फ किंवा हाफलिंग या कुळीत जन्मलेल्यास ती नव्हती. त्याचे कूळ हाच त्याचा वर्ग. ड्वार्फाच्या पोटी आलेल्याने मंत्रविद्येचे नाव काढू नये, अशी ती व्यवस्था. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने हे निर्बंध काढून टाकले व कोणत्याही कुळीतील पात्रास कोणताही वर्ग घेण्याची मोकळीक दिली. आज त्या खेळात कोणी उपजत शक्तीने मांत्रिक होतो, कोणी ग्रंथाध्ययनाने, कोणी एखाद्या अलौकिक सत्तेशी करार करून. दारे अनेक आहेत. मात्र आत शिरल्यावरच्या पायऱ्या ज्याच्या त्याने अनुभवाने चढावयाच्या असतात.

आम्हांस त्यातील एक नियम विशेष मननीय वाटतो. ‘पॅलाडिन’ नावाचा एक धर्मवीर १९७५ साली या खेळात आला. जुन्या नियमांप्रमाणे त्याच्या हातून जाणूनबुजून अधर्म घडला, तर त्याचे पद कायमचे जाई. उरे तो केवळ एक साधा योद्धा. ज्या दाराने तो आत आला, ते दार त्याच्या पाठीशी उभे राहत नसे.

हे वाचताना महाभारतातील नहुषाची आठवण होते. देवांनी व ऋषींनी त्याला इंद्रपदी बसविले. पण त्याने ऋषींकडून पालखी वाहविली आणि त्या उन्मत्तपणापायी शापाने सर्प होऊन तो पृथ्वीवर पडला. हाच सर्प वनपर्वात भीमाला विळखा घालून युधिष्ठिराला विचारतो की, ब्राह्मण कोणास म्हणावे? युधिष्ठिराचे उत्तर सत्य, दान, क्षमा अशा गुणांकडे बोट दाखविते, कुळाकडे नाही. व्यासांनी हा प्रश्न पदभ्रष्ट झालेल्याच्याच मुखी घातला, यात मोठे मर्म आहे असे आम्ही समजतो. स्थान मिळणे आणि स्थानास पात्र राहणे यांतील अंतर त्याच्याइतके कोणास कळणार?

येथे आपल्या देवस्थानांचा विचार केल्यावाचून राहवत नाही. गोव्यातील देवस्थानांत महाजनकी बहुधा वंशपरंपरेने चालत येते. पंढरपुरी बडवे व उत्पात या घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क जानेवारी २०१४ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपुष्टात आले आणि त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागविले. तत्पूर्वी, २००२ साली, केरळातील एका मंदिराच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने पूजेसाठी जात नव्हे, तर विधींचे ज्ञान व योग्य दीक्षा पाहावी असे ठरविले होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पुजाऱ्याच्या घरातील मूल बोलू लागण्याच्या वयात मंत्रांचे स्वर कानांवर घेते, नैवेद्याची शुचिता आईच्या हातून शिकते. हे चार महिन्यांच्या वर्गात कसे मिळावे? आक्षेप खरा आहे. परंतु तो ज्याची थोरवी सांगतो तो जन्म नव्हे, अभ्यासच आहे. फक्त तो घरात, लवकर आणि नकळत घडलेला. ज्या घरात तो अभ्यास थांबला, तेथे नुसता जन्म काय पुरवील? आणि जेथे तो अन्य घरी श्रद्धेने चालला, तेथे जन्माने काय अडवावे?

आमच्या भोपाळच्या आनंद नगरासारख्या वसाहतीत या प्रश्नाचे स्वरूप अधिक उघडे होते. या शहरात १९५६ साली अवजड विद्युत सामग्रीचा सरकारी कारखाना स्थापन झाला. तोच पुढे भेलचा झाला. अशा औद्योगिक नगरीत कुशल कारागिराची ओळख त्याच्या हाताच्या कामावरून होते. मूळ गावी कोणाच्या घराण्यास पालखीचा मान होता, हे येथे शेजाऱ्यास ठाऊक नसते. दूरच्या ग्रामदैवताचा मान सांगणाऱ्यास येथे तो मान वागणुकीनेच सिद्ध करावा लागतो. याला कोणी परंपरेचा ऱ्हास म्हणतील. आम्हांस ती तिची कसोटी वाटते.

अर्थात खेळ आणि जीवन एक नव्हे. खेळात नको झालेले पात्र टाकून दुसरे घेता येते. जीवनात तशी सोय नाही, आणि मिळालेला मान सोडताना मनास वेदनाही होतात. तथापि एक निकष दोन्हीकडे लागू पडतो. दुर्वर्तनानेही जो जात नाही, तो अधिकार आपण कधी मिळविलेलाच नसतो. तो केवळ आपल्यापर्यंत वाहत आलेला असतो. देवापुढे उभे राहताना वाडवडिलांचे नाव उच्चारावे, ते कृतज्ञतेने. अधिकाराचा पुरावा म्हणून मात्र आपले आजचे आचरणच पुढे ठेवावे.