जवारी लागल्यावर

सांगलीत एक गृहस्थ राहत. त्यांना गाण्याचं भारी वेड. घरात एक जुना टेपरेकॉर्डर होता. रात्री जेवणं उरकली की ते गायिका केसरबाई केरकरांची भैरवी लावत, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत आणि तृप्त मनाने झोपी जात.

पुढे हातात पैसा खेळू लागला. त्यांनी उत्तम अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर घेतले. पहिल्याच रात्री तानपुऱ्याची तार न तार वेगळी ऐकू आली. तानेआधी गायकाने घेतलेला श्वाससुद्धा कानी पडला. गृहस्थांचे डोळे भरून आले. तो आनंद अगदी खरा होता.

पण त्या आनंदाची चटक लागली. महिन्याभरात वाटू लागलं, वायर बदलली तर? मग वायर बदलली. मग रेकॉर्ड प्लेअर, मग त्याची सुई, मग नवा सीडी प्लेअर, मग आणखी मोठे स्पीकर. प्रत्येक नव्या वस्तूने थोडा फरक पडे, पण तो आधीच्यापेक्षा कमी असे आणि किंमत मात्र जास्त. गाणं सुरू झालं की गृहस्थ दोन मिनिटांत उठत आणि बटणं फिरवत. केसरबाई तर कपाटातच गेल्या. चांगल्या स्पीकरवर गाण्याबरोबर जुन्या मुद्रणाची खरखरही ठळक ऐकू येई, ती त्यांना सोसवेना. आता ते आवाज चकचकीत असलेली चार-पाच मुद्रणंच लावत, मग त्यातलं गाणं आवडो वा न आवडो.

एके दिवशी त्यांच्या पत्नीच्या तानपुऱ्याची जवारी करायला, म्हणजे तारांचा झणकार खुलवायला, मिरजेहून एक वृद्ध कारागीर आले. दिवाणखान्यात बसून ते घोडीचा माथा कानशीने हलक्या हाताने घासत होते. मध्येच तार छेडत, तारेखालचा सुती दोरा किंचित सरकवत आणि कान देत. गृहस्थांनी कौतुकाने आपलं यंत्र लावलं. आलाप सुरू झाला आणि नेहमीप्रमाणे ते वायर बदलायला उठले.

कारागीर म्हणाले, ‘‘साहेब, राग आत्ता कुठे डोळे उघडत होता.’’

गृहस्थ ओशाळून बसले. इतक्यात तानपुऱ्यातून असा भरदार झणकार उमटला की खोली भरून गेली.

‘‘वा चाचा! अजून थोडं घासा ना, अजून खुलेल.’’

कारागिरांनी कानस पिशवीत ठेवली. ‘‘आता घासलं तर लागलेली जवारी जाईल, साहेब. जवारी लागेपर्यंत काम कानशीचं. लागल्यावर हात काढून घ्यायचा आणि गायला बसायचं. कानस चालवत राहिलो तर गाणार कधी?’’

मग त्यांनी विचारलं, ‘‘केसरबाई आहेत का तुमच्याकडे?’’

‘‘आहेत, पण खरखर फार आहे.’’

‘‘असू द्या.’’

भैरवी लागली. साडेतीन मिनिटं कोणी उठलं नाही. सुरुवातीला खरखर ऐकू आली. मग स्वर असा काही चढत गेला की खरखरीकडे लक्षच राहिलं नाही. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची जी सोनेरी तबकडी अवकाशात धाडली गेली, तिच्यात हीच भैरवी आहे. निवड करणाऱ्यांना खरखर आड आली नव्हती. गृहस्थांनी मात्र तिच्यापायी केसरबाईंना कपाटात कोंडलं होतं.

त्यांनी यंत्र विकलं नाही. चांगल्या यंत्राने त्यांना खूप दिलं होतं. कोपऱ्यात ठेवल्यामुळे घुमणारे स्पीकर त्यांनी भिंतीपासून पुढे ओढले, उघड्या फरशीवर जाड सतरंजी अंथरली आणि पुढची खरेदी थांबवली. यासाठी एक पैसाही लागला नाही. एक नियम मात्र घातला: लावलेलं गाणं संपेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. हळूहळू कपाटातली जुनी गाणी बाहेर आली. कान आवाजातला दोष शोधायचा थांबला, तेव्हा त्याला रागाची वाट पुन्हा दिसू लागली.

तात्पर्य: साधन चांगलं असावं, पण ते साध्याच्या आड येऊ देऊ नये. यंत्र सुधारल्याने आवाज सुधारतो. गाण्याचा आनंद मात्र लक्ष देऊन ऐकणाऱ्यालाच मिळतो. म्हणून पुरेसं मिळालं की थांबावं आणि ऐकायला बसावं.