दुसऱ्याच्या पायातले बूट

स्नोबोर्डचे बूट विकत घ्यावेत की तिथे पोचल्यावर भाड्याने, याचा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर मांडला. उत्तर निघायला वेळ लागला नाही. पन्नाशीत पहिल्यांदा बर्फावर जाणाऱ्या आणि पुन्हा जाईल याची खात्री नसलेल्या माणसाने बूट भाड्यानेच घ्यावेत. हिशेब सुटला, पण मन मान्य करेना. मग स्वतःलाच विचारलं, बाबा रे, तुझं नेमकं अडतंय कुठे?

मुलगी बेंगळूरला नोकरीला आहे. हिवाळ्यात तिला कझाकस्तानात, अल्माटीजवळच्या शिम्बुलाकला जायचंय आणि आम्हा दोघांनाही न्यायचंय. तिथला तळ २,२६० मीटरवर, वरची खिंड ३,२०० मीटरच्या घरात. आमचं बिदरचं पठार साडेसहाशे मीटरच्या आसपास, आणि तेवढ्याच्या जोरावर आम्ही उन्हाळ्यात कलबुर्गीच्या पाहुण्यांना आमच्या गार हवेचं कौतुक ऐकवतो. भालकीत वाढलेल्या माझ्यासारख्याने बर्फ पाहिला तो रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला.

विकत घेण्याच्या बाजूला एक खरा मुद्दा आहे, तो आधी मांडतो. बोर्ड, हेल्मेट, जाकीट यातलं काहीही भाड्याचं चालून जातं. बुटाचं तसं नाही. पंज्याच्या बाजूच्या कडेवर झुकताना बुटात टाच वर उचलली गेली, तर पायाने दिलेला हुकूम बोर्डापर्यंत उशिरा पोचतो आणि तोवर माणूस तोंडावर आपटलेला असतो. बुटाच्या आत फोमचा दुसरा मऊ बूट असतो. वापरता वापरता तो दबतो आणि त्याच पायाच्या घडणीचा होतो. काही तर गरम हवा देऊन पायावर बसवून घेतात. (कलबुर्गीच्या मे महिन्यात हे काम ओट्यावर ठेवूनही झालं असतं.) भाड्याच्या बुटातला फोम अनेक पायांनी आधीच दाबून टाकलेला असतो, तो कुणा एकाचा राहिलेला नसतो. म्हणून दरवर्षी जाणाऱ्याला जाणकार सांगतात, पहिला पैसा बुटांवर घाला, बोर्डाचं नंतर बघू. तसं पाहिलं तर १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या बापाने मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून घसरायची फळी केली, तेव्हा तिच्यासाठी वेगळे बूट नव्हतेच. रोजच्या हिवाळी बुटांवर पोरं घसरत होती.

पण मी दरवर्षी जाणारा नाही. भाड्याचा दर बहुधा बोर्ड, बाइंडिंग आणि बूट मिळून लावतात, त्यामुळे बूट स्वतःचे नेले तरी फार काही वाचत नाही. जोडाचं वजन दोन किलोच्या आसपास, तेही विमानाच्या सामानात मोजलं जाणार. परत आल्यावर ते आमच्या कपाटात पडणार, आणि आमच्या उन्हाळ्यात फोम आणि गोंद न वापरताच म्हातारे होणार.

इतकं कळूनही विकत घ्यावेसे का वाटतात? पहिलं उत्तर सापडायला सोपं होतं. विकतचे बूट दाराशी मांडून ठेवता येतात. आल्यागेल्याने विचारलं, की हे कसले हो, म्हणजे शिम्बुलाकचं नाव आपल्याला आधी काढावं लागत नाही. भाड्याचे बूट मात्र परत करताच आपण पुन्हा भालकीचे. हे उत्तर मला फारसं टोचलं नाही. दिखाऊपणा कबूल करायला सोपा असतो, कबूल करतानाही त्यात थोडा दिखावा साधतोच.

दुसरं उत्तर तळाशी होतं. कुणाच्या तरी घामाने भिजून वाळलेल्या बुटात पाय घालायचा, या कल्पनेनेच माझ्या अंगावर काटा येतो. मुलगी फोनवर म्हणाली, ‘‘अप्पा, मोजे आपलेच असतात की. उगं कशाला पैसे घालवायलाव?’’ मी स्वच्छतेचं कारण पुढे केलं. बुरशी, नायटा, वास. कारण खोटं नव्हतं, पण ते फार पटकन सुचलं, आणि पटकन सुचलेल्या कारणावर माझा विश्वास नसतो.

पुतण्याच्या लग्नात आम्ही घरचे सगळे पुरुष भाड्याच्या शेरवान्या आणि भाड्याच्या मोजड्या घालून मिरवलो. माझ्या मोजडीत आधीच्या कुणाच्या टाचेचा काळपट ठसा उमटलेला होता, आणि मी बिनमोज्याचा पाय त्यात घातला. तेव्हा नायटा आठवला नाही. का आठवला नाही, याचा विचार करत बसलो तेव्हा उत्तर आलं ते मला आवडलं नाही. त्या मोजड्या आधी ज्यांनी घातल्या, ते आपल्यासारख्याच घरांतले असणार, असं मी कुणाला न विचारता धरून चाललो होतो. शिम्बुलाकच्या काउंटरवर तसं धरून चालायची सोय नाही. तिथे कुणाचाही पाय असू शकतो.

हा ‘कुणाचाही’ माझ्यात कुठून आला, ते मला माहीत आहे. लहानपणी आमच्या वहाणा शिवणारा अंगणाच्या कडेला बसून कागदावर पावलाची रेघ ओढून न्यायचा. वहाणा तयार होऊन आल्या, की आजी त्यांच्यावर पाणी शिंपडायची आणि मगच आम्हाला घालू द्यायची. कोरी वहाण! तिच्यात कुणाचा पाय गेलेलाच नव्हता. तिला लागला होता तो फक्त करणाऱ्याचा हात, आणि पाणी त्या हातासाठी होतं. आजी गेली, पाणी शिंपडणं गेलं. अंगावरचा काटा मात्र माझ्या वाट्याला आला, आणि मी त्याला स्वच्छता म्हणत आलो.

आणि हे सगळं कुठे, तर बसवकल्याणच्या शेजारी. कल्याणात हरळय्याची गोष्ट ठाऊक नसलेला माणूस विरळा. बाराव्या शतकात बसवण्णा बिज्जळाचे मंत्री होते. वाटेत हरळय्याने त्यांना ‘शरणु’ म्हटलं, त्यांनी उलट ‘शरणु शरणार्थी’ म्हणून दुप्पट नमस्कार परत केला. चामड्याचं काम करणाऱ्या हरळय्याला ते ऋण वाटलं. फेडायचं म्हणून त्याने आणि त्याच्या बायकोने, कल्याणम्माने, आपल्या मांड्यांचं कातडं काढून बसवण्णांसाठी पादत्राणं केली. बसवण्णांनी ती पायात घातली नाहीत, डोक्यावर घेतली. पुढे हरळय्याच्या मुलाचं लग्न ब्राह्मण घरातून आलेल्या मधुवरसाच्या मुलीशी झालं, आणि बिज्जळाने दोन्ही बापांना हालहाल करून मारलं. त्या रक्तातून कल्याण पेटलं.

बाहेरगावचा पाहुणा आला, की मी त्याला कल्याणला नेतो आणि ही गोष्ट रंगवून सांगतो. सांगताना मी दर वेळी बसवण्णांच्या जागी उभा असतो, नमस्कार करणारा, मोठ्या मनाचा. कधी असं सुचलं नाही, की गोष्टीतली माझी खरी जागा बिज्जळाच्या दरबारात, मागच्या रांगेत आहे. लग्नाची बातमी ऐकून ज्यांच्या अंगावर काटा आला आणि ज्यांनी त्याला धर्म म्हटलं, त्यांच्यात.

इथे एक सोयीची पळवाट दिसू लागली, तीही लिहून ठेवतो. भाड्याचे बूट घालायचे आणि तेच प्रायश्चित्त समजायचं. किती बरं वाटलं असतं! पण परक्या देशात, पैसे मोजून, अनोळखी माणसाच्या बुटात पाय घालायला काहीच लागत नाही. तिथे मला कुणी ओळखत नाही, आधीच्या पायाची जात सांगणारंही कुणी नाही, आणि संध्याकाळी बूट परत करायचे असतात.

बूट भाड्यानेच घेणार आहे, कारण हिशेब तसा आहे. टाच भिंतीला लावून, अंगाचा भार पायावर देऊन, सेंटिमीटरमध्ये माप घेतलं. डावा पाय थोडा लांब निघाला, म्हणून त्याचंच माप मुलीला कळवलं. लोकरी मोज्यांचा एकच जोड सांगितलाय, कारण मोज्यावर मोजा चढवला की सुरकुत्या पडून फोड येतात. वाचलेले पैसे शिकवणाऱ्याच्या जादा तासांवर जातील. बायकोच्या मते ते हाडाच्या डॉक्टरसाठी राखून ठेवावेत, आणि तिचं बहुधा बरोबर आहे.

अवघड आहे ते इथल्या बाजारात, फाटक्या छत्रीखाली. चप्पल शिवून देणाऱ्याला पैसे देताना माझी बोटं नाणी वरच्यावर सोडतात, त्याच्या तळहाताला न लागता. इतकी वर्षं ती हे आपोआप करत आली, इतक्या सफाईने की मलाच दिसलं नाही. परवा वहाणेचा अंगठा तुटला म्हणून गेलो, आणि ठरवून पैसे त्याच्या हातावर ठेवले. हात आखडला नाही असं म्हणवत नाही. आखडलाच, आणि ते त्याच्या लक्षात आलं नसेल असं मानण्याइतका मी भाबडा नाही.