गार्गीला चौदा खंड देण्याआधी

डोंबिवली

चि. निनाद,


तुझी यादी मिळाली. गार्गीने टीव्हीवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे आठही सीझन बघितले, आता तिला तसलंच काहीतरी वाचायचं आहे, आणि तिने विचारायचा अवकाश, तू अकरा मालिका लिहून काढल्यास. पहिल्या नंबरावर रॉबर्ट जॉर्डनची ‘द व्हील ऑफ टाइम’. चौदा खंड! बाबा रे, ओळख वाढवायची आहे की आहे तीही घालवायची?

यादीतली पुस्तकं वाईट नाहीत, बरीचशी मलाही प्रिय आहेत. पण त्या यादीत गार्गी कुठेच दिसत नाही, सगळीकडे तूच आहेस. कुठल्या खंडाने तुला रात्रभर जागवलं, कुठल्या लढाईने अंगावर काटा आला, एवढंच. वाचनालय चालवत होते तेव्हा माझ्या टेबलासमोर रोज हेच चालायचं. एक सभासद दुसऱ्याला गळ घालायचा, दुसरा भिडेखातर पहिला खंड न्यायचा. पुढची हकिकत पुस्तकांकडे बघून कळायची. पहिल्या खंडाचा पुठ्ठा सुटलेला, पानं मऊ पडलेली, मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी चिकटवलेली. दुसऱ्या खंडाच्या चिठ्ठीवर मोजके शिक्के. पाचवा खंड कोरा करकरीत, पानं एकमेकांना चिकटलेली. एखादी कादंबरी सुचवली आणि नाही आवडली, तर माणसाचे चार दिवस जातात. मालिका सुचवताना आपण त्याचे कित्येक महिने मागत असतो, तेव्हा आधी थोडी चौकशी करावी.

तू ओघात लिहून गेलास की ती सांगलीला मराठी माध्यमात शिकली, ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलते, पण इंग्रजी कादंबऱ्या दोन-चारच वाचल्या आहेत. मला तुझ्या सबंध यादीपेक्षा हे एक वाक्य कामाचं वाटलं.

ती आधी ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा मूळ लेखक मार्टिनच मागणार, हे उघड आहे. देऊ नकोस असं मी म्हणणार नाही. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ हा पहिला खंड 1996चा, आणि अजूनही एकदा हातात घेतला की सुटत नाही. प्रत्येक प्रकरणाला एका पात्राचं नाव आणि त्या प्रकरणात जे दिसतं ते त्याच्याच डोळ्यांनी, त्यामुळे एवढ्या गर्दीतही वाचणारा हरवत नाही. मालिका पाहिलेल्या माणसाला तर चेहरेही आयते मिळतात. पण दोन गोष्टी तिला आधीच सांग. एक, चौथ्या खंडात टिरियन आणि डनेरिस नाहीतच आणि जॉन जेमतेम डोकावतो. मार्टिनने पसारा फार झाला म्हणून पात्रंच वाटून टाकली, उरलेली पाचव्या खंडात येतात. हे माहीत नसलं की वाचणाऱ्याला आपल्या प्रतीत पानं कमी आहेत की काय असं वाटतं. दुसरी गोष्ट, पाचवा खंड 2011चा आणि सहावा अजून यायचा आहे. टीव्हीवरची गोष्ट पुस्तकांना मागे टाकून 2019 मध्ये संपलीसुद्धा. शेवट वाचायला मिळेलच, अशी हमी कुणी देऊ शकत नाही. काहींना याचं काही वाटत नाही, काहींचा जीव टांगणीला लागतो. ती कुठल्या जातीची, हे तिला विचारूनच घे. पॅट्रिक रॉथफसचंही तेच: पहिला भाग 2007चा, दुसरा 2011चा, तिसरा नाही. भाषा गोड आहे, पण तू त्याला ‘पूर्ण मालिका’ या मथळ्याखाली का घातलंस ते मला समजलं नाही.

माझं मत विचारशील तर सुरुवात अर्सुला ले ग्विनच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ने करू दे. तू हे नाव दहाव्या नंबरावर ढकललंस, बहुधा पुस्तक बारीक आहे म्हणून. 1968 सालचं, दोनशे पानांच्या आसपासचं पुस्तक. सगळीकडे समुद्र आणि बेटं. एका बेटावरचा शेळ्या राखणारा, ताम्रवर्णी मुलगा गेड जादू शिकायला रोक बेटावरच्या शाळेत जातो. तिथे एका श्रीमंत घरच्या पोराने डिवचल्यावर, केवळ तोरा मिरवायला, मेलेल्या माणसाला बोलावण्याचा मंत्र म्हणतो. त्या मंत्राने पडलेल्या फटीतून त्याच्या मागे एक सावली लागते. पुढचं सांगत नाही, तूही सांगू नकोस. सैन्यं नाहीत, मोठ्या लढाया नाहीत. सगळा थरार एका मुलात आणि त्याच्या पाठीमागच्या गोष्टीत. वाक्यं छोटी आणि स्वच्छ, मोठ्याने वाचावीत अशी. इंग्रजी वाचायचा फारसा सराव नसलेल्या माणसाला यापेक्षा मोकळं दार मला माहीत नाही.

गेडच्या रंगाचं मी मुद्दाम लिहिलं. 1968 मध्ये अशा गोष्टीचा नायक गोरा नसणं ही साधी बाब नव्हती. 2004 साली टीव्हीवाल्यांनी त्याला गोरा करून टाकलं, तेव्हा ले ग्विनबाईंनी जाहीरपणे नाराजी लिहिली. पुढचे दोन भाग 1971 आणि 1972चे. चौथा, ‘तेहानू’, एकदम 1990चा, आणि तो गार्गीला लगेच देऊ नकोस. त्यात जादू जवळजवळ संपलेली आहे. एक मध्यमवयीन विधवा, एक भाजलेली पोर, शेळ्या, चूल, गावातल्या पुरुषांची दहशत. पंचविशीत तो कंटाळवाणा वाटण्याचीच शक्यता जास्त. चाळिशीत पुन्हा आठवण कर म्हणावं.

अर्थसी आवडलं, तर पुढे रॉबिन हॉब. इथे मी निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून टाकते. ‘असॅसिन्स अप्रेंटिस’ 1995चं. राजपुत्राचा अनौरस मुलगा, सहा वर्षांचा, किल्ल्याच्या दारात आणून सोडतात. त्याला वाढवतो घोड्यांच्या पागेचा प्रमुख बरिच. पोरगं पहिल्या रात्री पागेत एका कुत्र्याला बिलगून झोपतं. पुढे राजाच त्याला गुपचूप मारेकऱ्याचं शिक्षण द्यायला लावतो. सगळी गोष्ट त्या फिट्झच्याच तोंडून, कित्येक वर्षांनी आठवून सांगितलेली. हॉबबाई पात्रांना जे सोसायला लावतात, त्याने मी कित्येकदा पुस्तक मिटून बाल्कनीत जाऊन उभी राहिले आहे. गार्गी हळव्या मनाची असेल तर हेही सांग. तिसरा खंड ‘असॅसिन्स क्वेस्ट’ मधे फार चालतो. अक्षरशः चालतो, माणसं पायी जातात आणि पानं जातात. तिथे जरा धीर धर म्हणावं.

या जगातली पुस्तकं एकूण सोळा, शेवटचं 2017चं. पण ती तीन-तीनच्या (एका ठिकाणी चारच्या) गटांत आहेत आणि पहिली तीन वाचून थांबलं तरी गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटते. मला हा फार मोठा गुण वाटतो. लोकांना मालिका सुचवताना अशी थांबायची ठिकाणं दाखवून द्यावीत. परतीचा रस्ता दिसत असला की माणूस जास्त लांब जातो. पुढे जायचं ठरवलंच तर ‘लिव्हशिप ट्रेडर्स’चे तीन खंड गाळू नयेत. फिट्झ त्यात नाही म्हणून बरेच जण उडी मारतात, आणि मग शेवटच्या तीन खंडांत कोण कुठून आलं ते कळत नाही.

टॉल्किन तू यादीत घेतलाच नाहीस, ‘ते सगळ्यांना माहीतच असतं’ म्हणून. सिनेमे माहीत असतात, पुस्तक नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ 1954-55 मध्ये तीन खंडांत आलं ते युद्धानंतर कागद महाग होता म्हणून. त्याने लिहिली ती एकच कादंबरी, तेव्हा एका खंडावर थांबून मत देऊ नये. पण सुरुवातीला हॉबिट लोकांच्या तंबाखूपासून सगळं सांगणारं जे प्रास्ताविक आहे, ते म्हणजे नमनाला घडाभर तेल. ते सोडून सरळ वाढदिवसाच्या मेजवानीपासून सुरू करायला सांग, प्रास्ताविक नंतर वाचता येतं. भाषा जुन्या वळणाची आहे, मधेमधे गाणी आहेत. म्हणून मी हे पहिलं देणार नाही, तिसरं-चौथं देईन.

आता तुझा लाडका जॉर्डन. मला त्याचा राग नाही. काळाचं चाक फिरतं, युगं येतात-जातात आणि पुन्हा येतात, ही कल्पना आपल्याकडच्या माणसाला शिकवावी लागत नाही, आणि पहिले पाच-सहा खंड भरधाव जातात. पण घोडं पेंड खातं ते सातव्यानंतर. दहावा खंड, 2003चा ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’, आठव. नवव्याच्या शेवटी जी मोठी घटना घडते, तीच वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांना दुरून कशी जाणवली, यातच पानामागून पानं जातात. नायनीव्ह वेणी ओढते, कुणीतरी घागरा नीट करतं, चहा येतो. अकराव्यात गाडी पुन्हा रुळावर आली, आणि 2007 मध्ये जॉर्डन गेले. आजार कळल्यावर शेवट कसा व्हायचा याची टिपणं त्यांनी करून, सांगून ठेवली होती. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादक. त्यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं, जो शाळकरी वयापासून याच मालिकेचा वाचक होता. एक खंड उरला होता, त्याचे तीन झाले, शेवटचा 2013चा. वाचकाने लेखकाची गोष्ट पुरी करावी, ही हकिकत मला त्या मालिकेतल्या कुठल्याही लढाईपेक्षा थोर वाटते. ती गार्गीला जरूर सांग. पण खंड देऊ नकोस. ज्याला बाकीचं सगळं वाचून अजून भूक आहे, त्याच्यासाठी हे ठेवावं.

तुझ्या शिफारशीत एक वाक्य तीनदा आलंय: “सुरुवातीला जरा जड जातं, पण चौथ्या खंडापासून खरी मजा.” हे कुणालाही, कधीही म्हणू नकोस. तीन खंड म्हणजे दोन-अडीच हजार पानं. तेवढ्यात माणूस श्रीपाद नारायण पेंडशांच्या चार-पाच कादंबऱ्या वाचून होईल. स्टीव्हन एरिकसनच्या ‘मलाझन’ दशखंडीबद्दल तू हेच लिहिलंस. ती माझ्या मते सुचवायची मालिकाच नाही. पहिल्या पानापासून लेखक कुणाचीही ओळख करून देत नाही, चालू लढाईत लोटून देतो. ज्यांना ते आवडतं ते आपण होऊन तिथवर पोचतात.

सँडरसनची स्वतःची ‘मिस्टबॉर्न’ मात्र वरच्या नंबरावर घे. 2006 ते 2008, तीन खंड, गोष्ट पूर्ण. आकाशातून राख पडणारं जग, चोरांची टोळी, आणि धातू गिळून ते पोटात ‘जाळून’ शक्ती मिळवणारी माणसं. कुठल्या धातूने काय होतं याचे नियम इतके पक्के की कोडं सोडवल्याचा आनंद मिळतो. गद्य मला सपाट वाटतं, पण त्यामुळेच वाचायला सोपं. आणि गार्गी जर ‘असल्या ड्रॅगनबिगनमध्ये काय आहे’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला घेऊन आली, तर तिच्या हातात एन. के. जेमिसिनचं ‘द फिफ्थ सीझन’ ठेव. सतत भूकंप होणारी भूमी, ते आवरू शकणारी माणसं, आणि त्याच माणसांना गुलामासारखं वागवणारा समाज. या त्रयीच्या तिन्ही भागांना 2016, 2017, 2018 असा लागोपाठ ह्यूगो पुरस्कार मिळाला, असं आधी कुणाचंच झालं नव्हतं. एका पात्राची गोष्ट ‘तू’ म्हणून सांगितली आहे, पहिली पन्नास पानं बिचकायला होतं.

तेव्हा ती यादी फाड. तिला एकच पुस्तक दे, अर्थसी, आणि देताना स्तुतीचं भाषण करू नकोस. परत आणून देईल तेव्हा “कसं वाटलं” असं न विचारता “कुठे थांबलीस” असं विचार. आवडलं नाही हे लोक तोंडावर सांगत नाहीत, पण कुठे थांबलो ते खरं सांगतात. ती शाळेतल्या प्रकरणांत रमली की शेवटच्या समुद्रप्रवासात कंटाळली ते मला कळव, त्यावरून पुढचं पुस्तक कुठलं ते बघू.

आईला नमस्कार सांग. बाबांना म्हणावं, गुडघ्याचा एक्स-रे काढून घ्या.

तुझी,
सुमामावशी

ता. क. जॉर्डनची ‘न्यू स्प्रिंग’ तू यादीत सगळ्यात आधी घातली आहेस, त्यातली गोष्ट आधी घडते म्हणून. पण ती आली 2004 मध्ये, दहाव्या खंडानंतर, आणि तोवरचं सगळं वाचलेल्यांसाठीच लिहिली आहे. कुणाला देशीलच, तर तिथेच दे.