दोन बोटांचं देणं

ऑक्टोबर 2021. वर्क फ्रॉम होम अजून चालू होतं, म्हणून मी पुण्याऐवजी झरीच्या घरी होतो. परभणी-जिंतूर रस्त्यावरचं आमचं गाव. सप्टेंबरच्या शेवटी मराठवाड्यात धो धो पाऊस झाला होता आणि सोयाबीन उभ्यानेच भिजलं होतं. जरा ऊन पडलं तशी सगळ्या गावाची काढणी एकदम निघाली. हडंबा मिळेना. मळणी यंत्राला आमच्याकडे हडंबा म्हणतात. आमचा नंबर संध्याकाळी लागला आणि मशीनवाल्याला रात्रीच दुसऱ्या शेतात जायचं होतं.

मी माडीवर लॅपटॉप घेऊन मीटिंगमध्ये होतो. माझा स्वतःचा उजवा हात त्या महिन्यात दुखत होता. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या यायच्या. कंपनीने उभा धरायचा माउस पाठवला होता, ऑनलाइन फिजिओथेरपी चालू होती आणि मॅनेजर दर सोमवारी विचारायची, "हात कसा आहे?"

खाली शेतात आमचे सालगडी काड लोटत होते. त्यांचं नाव लिहीत नाही; घरात आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. ओलं काड ड्रममध्ये आपोआप ओढलं जात नाही, अडकतं. मामांनी ते हाताने आत ढकललं. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका गेली.

परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, धारदार शस्त्राने बोट तुटलं तर कधी कधी जोडता येतं. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात टाकायचं नाही. पण मशीनमध्ये चिरडलेलं बोट जोडण्यासारखं उरत नाही. त्यांनी जखम शिवली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकतीस हजारांचं सगळं बिल भरलं. दोन महिने मामांच्या घरी ज्वारी आणि किराणा पोचवला. गावात सगळे म्हणाले, मालक असावा तर असा. मलाही तेव्हा अण्णांचा अभिमानच वाटला होता.

या लेखातला प्रश्न त्या अभिमानाचा आहे.

आधी हाताबद्दल थोडं. मोबाइल खाली ठेवा. डाव्या हाताने उजव्या हाताचा मनगट ते कोपर यांमधला भाग धरा आणि उजव्या हाताची बोटं मिटा-उघडा. हालचाल कुठे जाणवते? बोटं हलवणारे मोठे स्नायू तिथे आहेत. बोटांमध्ये स्नायू नसतातच. तिथे हाडं, त्वचा, नसा, रक्तवाहिन्या आणि वरून आलेले कंडरे असतात. कळसूत्री बाहुलीसारखं आहे हे: दोऱ्या ओढणारा दूर बसलेला. एका हातात 27 हाडं. मनगटात 8, तळहातात 5, बोटांत 14. दोन मुख्य नसा मनगटाशी दोन वेगळ्या वाटांनी आत शिरतात. मीडियन नर्व्ह मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून, नऊ कंडऱ्यांच्या गर्दीतून जाते आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना देते. माझ्या मुंग्या तिच्या होत्या. अल्नर नर्व्ह कोपराच्या आतल्या बाजूने येते. कोपर दाराला आपटल्यावर जी झिणझिणी येते ती तिची. करंगळी आणि उरलेली अर्धी अनामिका तिच्याकडे.

म्हणजे एकाच हातात ढोबळमानाने दोन हात आहेत. अंगठ्याकडचा हात चिमटीचा: पेन, सुई, माउस. करंगळीकडचा हात मुठीचा: कुऱ्हाड, फावडं, विळ्याची मूठ. दांडा घट्ट धरायच्या ताकदीत शेवटच्या दोन बोटांचा मोठा वाटा असतो. माझं पोट चिमटीवर चालतं, मामांचं मुठीवर. मामांना आता बिडी पेटवता येते, मोबाइल चालवता येतो, सही करता येते. कुऱ्हाड मात्र हातात फिरते. म्हशीची धार मुठीने काढता येत नाही, चिमटीने काढावी लागते आणि वेळ दुप्पट लागतो.

हे सगळं मला 2024 च्या सुरुवातीला नीट कळलं. माझी मनगटाची तक्रार पुन्हा सुरू झाली आणि हाताबद्दल वाचता वाचता मी एका तक्त्यापाशी पोचलो. कामगार नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा, जो मामांच्या अपघाताच्या वेळी लागू होता, त्याच्या पहिल्या परिशिष्टात शरीराचे दर लावलेले आहेत. अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं धरायचं. पूर्ण तर्जनी 14. मधलं बोट 12. अनामिका किंवा करंगळी 7. एका हाताची दोन बोटं मिळून 20.

पहिली प्रतिक्रिया किळसेची होती. माणसाच्या बोटाला टक्के? कांटने 1785 मध्ये असा भेद मांडला होता की काही गोष्टींना किंमत असते, म्हणजे त्यांच्या जागी तेवढ्याच मोलाचं दुसरं काही ठेवता येतं. आणि काहींना प्रतिष्ठा असते, त्यांच्या जागी काहीच ठेवता येत नाही. माणूस दुसऱ्या प्रकारात येतो. बोट माणसाचंच. मग त्याचा दर कसा लावायचा? शिवाय हा तक्ता मला चिमटीवाल्यांनी केल्यासारखा वाटला. कुऱ्हाड चालवणाऱ्याची करंगळी तर्जनीच्या निम्मी कशी?

पण इंजिनिअरची खोड, सूत्र दिसलं की आकडे टाकून बघायचे. मामांचं साल 96 हजारांचं होतं, म्हणजे महिना 8000. त्याचे 60 टक्के 4800. वय 40 असेल तर कायद्यातला गुणक 184.17. गुणाकार 8,84,016. त्याचे 20 टक्के 1,76,803 रुपये. दवाखान्याचा खर्च मालकाने यापेक्षा वेगळा द्यायचा. हे शेतमजुराला लागू होतं का? त्याच कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ट्रॅक्टर किंवा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणारी शेती आहे.

तेव्हा मला 2022 चा पाडवा आठवला. आमच्याकडे गुढीपाडव्याला साल ठरतं. त्या पाडव्याला अण्णांनी मामांचं साल 80 हजार केलं. "हात पहिल्यासारखा चालत नाही," ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मामांनीही मान डोलावली. मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

96 वरून 80. म्हणजे जवळपास 17 टक्के.

कायद्याचा तक्ता अण्णांनी कधीच पाहिलेला नाही. तरी दोन बोटांची किंमत त्यांनी तक्त्याच्या आसपासच काढली. फरक एवढाच की कायदा ती रक्कम मालकाकडून मजुराला देतो आणि आम्ही ती दरवर्षी मजुराकडून घेत होतो.

माणसाच्या हाताला किंमत लावू नये, हे मला आजही पटतं. पण ती लावली नाही तर काय होतं, हे आमच्या ओसरीवर दिसलं. किंमत लागतेच, फक्त ती देणाऱ्याच्या मर्जीने लागते आणि तिला माणुसकी म्हणतात. ज्वारी आणि किराणा दिला त्याचे आभार मामांनी मानायचे. हक्काचे पावणेदोन लाख मिळाले असते तर कुणाचेच मानावे लागले नसते. तक्ता कोरडा आहे, पण घेणाऱ्याला तो मान खाली घालायला लावत नाही.

मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते चिडले. त्यांची बाजू सोपी नाही. सोयाबीन भिजलेलं, डोक्यावर पीककर्ज. कारखानदाराचा नियम शेतकऱ्याला लावायचा का? आणि "हात आत घालू नको म्हणून शंभरदा सांगितलं होतं. चूक त्याची."

चुकीबद्दल मला धंद्यामुळे थोडं कळतं. सिस्टिम कोसळली की शेवटचं बटण कुणी दाबलं हे आम्ही विचारतो, पण तिथे थांबत नाही. ते बटण दाबणं इतकं सोपं का होतं, हे शोधतो. हडंब्याच्या तोंडापुढची परात पुरेशी लांब आणि वरून झाकलेली असावी, हात ड्रमपर्यंत पोचूच नये, असं भारतीय मानक आहे. 1983 च्या धोकादायक यंत्रांच्या कायद्यात अशा यंत्राची व्याख्या मळणी यंत्रापासूनच सुरू होते. आमच्या शेतात आलेल्या मशीनचं झाकण काढून ठेवलेलं होतं, कारण झाकणाने काम सावकाश होतं. काड ओलं होतं, अंधार पडत होता, आणि आटपा लवकर असं म्हणणारे आम्ही होतो. हात मामांचा होता. घाई आमची होती.

आणखी एक गोष्ट अण्णांना सांगताना माझाच आवाज बसला. राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. अपघातात एक हात निकामी झाला तर एक लाख मिळतात. पण त्यासाठी सातबारा घरात लागतो. तेच यंत्र, तेच शेत. अण्णांचा हात गेला असता तर शासनाने दखल घेतली असती. मामांच्या नावावर गुंठाभरही नाही.

कायद्याने दावा करायची मुदत दोन वर्षांची. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण मामा आमच्यावर दावा करणार नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे आणि आम्हालाही. मुदत संपली म्हणून देणं संपलं का? मला वाटतं, नाही. मुदत न्यायालयाच्या सोयीसाठी असते. आणि हे देणं एकट्या अण्णांचं नाही. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्याच शेतातून गेली. त्या शेतात मामांची दोन्ही हातांची मूठ होती.

अण्णा अजून पूर्ण कबूल नाहीत. मागच्या पाडव्याला साल पुन्हा 96 केलं, एवढं त्यांनी केलं. आज बाजारात सालाचा भाव त्याच्या वर गेला आहे. उरलेलं मी पगारातून हप्त्यांनी द्यायचं ठरवलं. पहिला हप्ता घेऊन गेलो तेव्हा मामा गोठ्यात होते. मी पैसे पुढे केले आणि कसले ते सांगायला लागलो. टक्के, गुणक, कायदा. त्यांनी ऐकून घेतलं. मग तीन बोटांच्या हाताने नोटा धरून विचारलं,

"भैय्या, हे सालातून कापायचे का?"

त्यांच्या आयुष्यात मालकाकडून आलेला पैसा दोनच प्रकारचा असतो, उचल किंवा उपकार. तिसऱ्या प्रकाराला माझ्याकडेही पटकन शब्द सापडला नाही. "नाही मामा," मी म्हणालो, "तुमचेच आहेत. आमच्याकडे राहिले होते."

त्यांनी नोटा मोजल्या, दोनदा, आणि खिशात ठेवल्या. आभार मानले नाहीत. ते मला बरं वाटलं.